जर्मनीत आजारी पडण्याआधी

पुण्याहून श्टुटगार्टला नोकरीसाठी आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कंपनीतून विचारणा होते: तुमचा आरोग्य विमा कोणत्या कासेकडे? त्याच आठवड्यात पत्त्याची नोंदणी करायची असते, बँकेत खातं उघडायचं असतं, गाद्या-भांडी घ्यायची असतात. मग ऑफिसात आधी आलेला कुणी भारतीय जे नाव सांगेल ते लिहून दिलं जातं. बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही. पण ज्यांच्यापुढे 'पब्लिक की प्रायव्हेट' असा पर्याय असतो, त्यांच्या त्या एका सहीचा हिशोब वीस वर्षांनी, कधी निवृत्तीनंतरही चुकवावा लागतो. ही सही पगाराच्या स्लिपकडे बघून करू नये, आपल्या घरात पुढे कोण कोण असणार आहे हे बघून करावी, असं मला कळकळीने सांगायचं आहे.

मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासूनची भगिनी-शहरं. चाकणला जर्मन मोटारी तयार होतात, पुण्याचे इंजिनिअर तिकडे जातात, हेही आता नवं राहिलेलं नाही. 2024 साली महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. विद्यार्थी तर दरवर्षी येतातच. त्यामुळे ही माहिती फक्त आयटीवाल्यांपुरती उरलेली नाही. खाली दिलेले वर्गणीचे आकडे 2026 सालचे आहेत. ते दर जानेवारीत बदलतात, तेव्हा सही करण्याआधी त्या वर्षीचे आकडे पाहून घ्या.

फरक दवाखान्यात नाही, विम्यात आहे

आपल्याकडे सरकारी म्हणजे ससून किंवा केईएम आणि खासगी म्हणजे चौकातलं नर्सिंग होम. जर्मनीत ही विभागणी विम्याच्या पातळीवर आहे. फक्त प्रायव्हेट पेशंट घेणारे काही डॉक्टर सोडले, तर एकाच वेटिंग रूममध्ये दोन्ही प्रकारचे पेशंट शेजारी शेजारी बसलेले असतात. बर्लिनचं शारिटे असो की हायडेलबर्गचं विद्यापीठ रुग्णालय, उपचार दोघांनाही मिळतात.

कामगारांसाठी सक्तीचा आजार-विमा बिस्मार्कच्या सरकारने 1883 मध्ये आणला. आज देशातले साधारण 90 टक्के लोक त्यातूनच वाढलेल्या सार्वजनिक विम्यात आहेत आणि 2009 पासून जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला कोणता ना कोणता आरोग्य विमा असणं सक्तीचं आहे. हा विमा सरकारी खातं चालवत नाही. टेक्निकर, बार्मर, डीएके, एओके अशा सुमारे 90 स्वायत्त संस्था, म्हणजे कासे, तो चालवतात. कोणते उपचार द्यायचे हे बहुतांशी कायद्यानेच ठरलेलं असल्याने कोणती कासे घ्यावी यावर रात्र-रात्र चर्चा करण्यात अर्थ नाही. इंग्रजीत फोनवर बोलता येतं का आणि तिचा जादा दर किती, एवढं पाहावं. नाही पटली तर 12 महिन्यांनी बदलता येते.

पब्लिक: पगारावर वर्गणी, घरभर संरक्षण

पब्लिकची वर्गणी ठोक पगाराच्या 14.6 टक्के. त्यावर प्रत्येक कासेचा जादा दर, सरासरी 2.9 टक्के. दोन्हींचा अर्धा वाटा मालक भरतो. महिना 4,000 युरो पगार असलेल्याच्या पगारातून आरोग्य विम्याचे साधारण 350 युरो जातात. त्याशिवाय म्हातारपणी किंवा अपंगत्वात लागणाऱ्या शुश्रूषेचा वेगळा सक्तीचा विमा असतो. 23 वर्षांपुढच्या, मूल नसलेल्या कर्मचाऱ्याला त्याचे आणखी 96 युरोंच्या आसपास पडतात. पगार महिना 5,812.50 युरोंच्या वर गेला की त्यावरच्या रकमेवर वर्गणी लागत नाही, म्हणजे आरोग्य विम्यासाठी स्वतःच्या खिशातून जाणारी रक्कम सुमारे 510 युरोंवर थांबते.

पहिली स्लिप हातात आल्यावर हे आकडे टोचतात. भारतात पूर्ण वर्षाचं मेडिक्लेम ज्या पैशांत होतं ते इथे महिन्याला जातात. पण या पैशांत काय येतं ते नीट पाहा. नोकरी न करणारा किंवा महिना 565 युरोंपर्यंतच कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच वर्गणीत येतात, वेगळा एक युरोही न भरता. मुलं साधारणपणे 18 वर्षांपर्यंत, शिकत असतील तर 25 पर्यंत. विमा घेताना प्रकृतीविषयी कुणी विचारत नाही. मधुमेह असो, पाठीचं ऑपरेशन झालेलं असो, वर्गणी तीच. डॉक्टरकडे कार्ड दाखवायचं, बिल दिसतसुद्धा नाही. नवरा किंवा बायको भाषा शिकत, नोकरी शोधत वर्ष-दीड वर्ष घरी आहे अशी स्थिती आपल्या बहुतेक घरांत सुरुवातीला असते. त्या काळात पब्लिकसारखा आधार नाही.

प्रायव्हेट: आत जाणं सोपं, परत येणं अवघड

वर्षाला 77,400 युरोंपेक्षा जास्त पगार असलेल्या कर्मचाऱ्याला, तसंच स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला प्रायव्हेट घेता येतं. इथला हप्ता पगारावर नाही, तर विमा घेतानाचं वय, प्रकृती आणि निवडलेल्या सोयींवर ठरतो. तिशीतल्या निरोगी, एकट्या माणसाला तो पब्लिकपेक्षा बराच कमी दिसतो. शिवाय लवकर मिळणारी वेळ, मोठ्या डॉक्टरकडून तपासणी, इस्पितळात स्वतंत्र खोली. एजंट हेच आकडे कागदावर मांडतो आणि ते खोटे नसतात.

त्या कागदावर जे नसतं ते असं. जोडीदार आणि प्रत्येक मूल यांचा हप्ता वेगळा. दोघांपैकी जास्त कमावणारा प्रायव्हेटमध्ये असेल आणि त्याचा पगार वर सांगितलेल्या वार्षिक मर्यादेपलीकडे असेल, तर दुसरा पब्लिकमध्ये असूनही मुलांना तिथे फुकट घेता येत नाही. अर्जातल्या प्रकृतीच्या प्रश्नांना अपुरं उत्तर दिलं, पूर्वीचा दमा किंवा थायरॉइड लिहिला नाही, तर कंपनी पुढे कराराच्या बाहेर पडू शकते. डॉक्टर सरकारी दरपत्रकातल्या मूळ दराच्या नेहमी 2.3 पट, कारण दिलं तर 3.5 पटीपर्यंत बिल लावतो. ते आधी आपण भरायचं आणि मग कंपनीकडून मागायचं. पालकत्वाच्या रजेत उत्पन्न घटतं तेव्हाही हप्ता चालूच राहतो आणि मालकाचा वाटा बंद होतो. वाढत्या वयासाठी कंपनी हप्त्यातून राखीव रक्कम बाजूला टाकते, तरीही वर्षं सरतात तसा हप्ता वाढत जातो आणि पेन्शनीत तो जड होतो.

परतीची वाट मुख्यतः पगार त्या वार्षिक मर्यादेखाली आला किंवा नोकरी गेली तर उघडते. वयाच्या 55 नंतर तीही जवळजवळ बंद होते.

एक मुदत फारच कमी जणांना माहीत असते. जर्मनीतली पहिलीच नोकरी मर्यादेपेक्षा जास्त पगाराची असेल, तर पब्लिकमध्ये स्वेच्छेने जाण्यासाठी 3 महिने मिळतात. 'आधी प्रायव्हेट घेऊन पाहू, नंतर बदलू' म्हणत ते निघून गेले की मनाला वाटेल तेव्हा परत येता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. घरात एकच पगार असेल, मुलं व्हायची असतील किंवा इथे किती वर्षं राहायचं हे ठरलेलं नसेल, तर पब्लिक. दोघंही भरपूर कमावतात, म्हातारपणच्या हप्त्याची तजवीज आजपासून करण्याची शिस्त आहे आणि आधी कोणताही आजार नाही, अशांनी प्रायव्हेटचा विचार करावा. तोही कमिशनवर काम करणाऱ्या एजंटाऐवजी फी घेऊन सल्ला देणाऱ्याला विचारून.

व्हिसासाठी भारतातून घेतलेली स्वस्त 'इनकमिंग' पॉलिसी ही तिसरीच गोष्ट. पोहोचल्यापासून नोकरी सुरू होईपर्यंतचे दिवस तिच्यावर काढता येतात. वर्षानुवर्षं तिच्यावर राहू नये. गंभीर आजारात ती तोकडी पडते आणि व्हिसा वाढवताना नाकारली जाऊ शकते.

विद्यार्थ्यांनी फॉर्मवर सही करण्याआधी

30 वर्षांखालच्या विद्यार्थ्याला पब्लिकमध्ये सवलतीचा दर आहे, शुश्रूषा विमा धरून महिना दीडशे युरोंच्या आसपास. प्रायव्हेट पॉलिसी त्याहून स्वस्त मिळते, म्हणून काही मुलं पब्लिकमधून सूट मागणारा फॉर्म भरतात. ती सूट पूर्ण शिक्षणासाठी बांधून ठेवते. पुढे आजार निघाला तरी शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी म्हणून पब्लिकमध्ये येता येत नाही. महिन्याला वाचणाऱ्या थोड्या युरोंसाठी हा धोका घेऊ नये, असं मी प्रत्येक मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना सांगेन. तिशी ओलांडून मास्टर्सला येणाऱ्यांना सवलतीचा दर मिळत नाही. त्यांनी प्रवेशाबरोबरच विम्याचं अंदाजपत्रक करावं.

हाउसआर्त्स्ट, टर्मिन आणि बुधवारची दुपार

विमा झाला की दुसरं काम म्हणजे घराजवळचा फॅमिली डॉक्टर, इथला हाउसआर्त्स्ट, शोधणं. ते ठणठणीत असताना करायचं. अनेक दवाखाने नवे पेशंट घेत नाहीत आणि तापाने फणफणलेल्या माणसाला दहा ठिकाणी फोन करणं झेपत नाही. 116117 या वैद्यकीय मदतसेवेच्या संकेतस्थळावरच्या शोधयादीत डॉक्टरला कोणत्या भाषा येतात हेही निवडता येतं. इंग्रजी बोलणारा डॉक्टर मिळाला, तरी फोन उचलणाऱ्या काउंटरवरच्या बाईंना इंग्रजी येईलच असं नाही. चार जर्मन वाक्यं कागदावर लिहून फोन करावा. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी पुष्कळ दवाखाने बंद असतात. दर तिमाहीच्या पहिल्या भेटीला कार्ड पुन्हा वाचून घ्यावं लागतं, कारण डॉक्टरांचा कासेशी हिशोब तिमाहीवर चालतो.

सर्दी-तापाला हा डॉक्टर विश्रांती, भरपूर पाणी, गरम चहा आणि फार तर आयबुप्रोफेन सांगतो. आपल्याकडे इंजेक्शन किंवा अँटिबायोटिक घेऊन बाहेर पडण्याची सवय असल्याने 'यांनी काही केलंच नाही' असं वाटतं. विषाणूने आलेल्या तापावर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा डॉक्टर योग्यच करत असतो. मात्र त्रास वेगळा किंवा जास्त आहे असं वाटलं तर गप्प बसू नये. किती दिवस, किती ताप, घरात कुणाला काय आजार, हे नेमकं सांगावं. भारतीयांत मधुमेह आणि हृदयविकार तुलनेने लवकर दिसतात. समोरच्या डॉक्टरच्या रोजच्या अनुभवात ही गोष्ट असेलच असं नाही, म्हणून वडिलांना पंचेचाळिशीत झटका आला होता हे न विचारता सांगावं.

पुढची पायरी तज्ज्ञ डॉक्टर. त्वचारोगतज्ज्ञाकडे फोन लावला की नाव विचारण्याआधी पलीकडून प्रश्न येतो: पब्लिक की प्रायव्हेट? प्रायव्हेट म्हणालात तर पुढच्या आठवड्यातली वेळ (टर्मिन), पब्लिक म्हणालात तर कॅलेंडरची पानं उलटत दोन-तीन महिन्यांनंतरची. हा भेद खरा आहे, अन्याय्य आहे आणि जर्मन लोकही त्यावर चिडतात. त्यावर एक उपाय आहे, तो फार कमी परदेशी लोक वापरतात. हाउसआर्त्स्टकडून चिठ्ठी घेताना निकड दाखवणारा कोड मागायचा. तो कोड घेऊन 116117 वर फोन केला किंवा ऑनलाइन नोंद केली, तर साधारण चार आठवड्यांच्या आत तज्ज्ञाची वेळ मिळवून देणं त्या सेवेवर बंधनकारक आहे. डॉक्टर कोणता ते मात्र आपल्याला निवडता येत नाही, आणि दवाखाना शेजारच्या गावात असू शकतो. डोळ्यांचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्यासाठी कोड लागत नाही.

मन थकलं असेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचाराचा खर्चही कासे उचलते आणि पहिल्या भेटीसाठी कुणाची चिठ्ठी लागत नाही. वाट बघावी लागते, म्हणून फोन लवकर करावा. पहिल्या हिवाळ्यात, चार वाजता अंधार पडायला लागल्यावर, एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना याची गरज पडते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रात्री-अपरात्री

जिवावरचं असेल तर 112: छातीत दुखणं, अर्धांगाची लक्षणं, मोठा अपघात. दवाखाने बंद आहेत, त्रास सोमवारपर्यंत थांबण्यासारखा नाही, पण जीव धोक्यात नाही, अशा वेळी 116117. हा फरक पाळावा. साध्या तापासाठी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात गेलात तर चार-पाच तास बसावं लागू शकतं, कारण तिथे आलेल्या क्रमाने नव्हे, गांभीर्याप्रमाणे घेतात.

औषधं

प्रिस्क्रिप्शनची औषधं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, ओळखीच्या केमिस्टकडूनही नाहीत. 2024 पासून पब्लिकवाल्यांची चिठ्ठी कार्डावरच इलेक्ट्रॉनिक रूपात येते. आपोथेकेत म्हणजे औषधाच्या दुकानात कार्ड लावायचं आणि औषध घ्यायचं. किमतीच्या 10 टक्के, पण कमीत कमी 5 आणि जास्तीत जास्त 10 युरो आपल्याला द्यावे लागतात. 18 वर्षांखालच्या मुलांना तेही माफ. इस्पितळात दिवसाला 10 युरो, वर्षाला 28 दिवसांपर्यंत. असे स्वतः भरलेले पैसे वर्षाच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या 2 टक्क्यांपुढे गेले, दीर्घ आजार्‍यांना 1 टक्क्यापुढे, तर पुढच्या रकमेची माफी कासेकडून मागता येते. त्यासाठी पावत्या जपाव्यात.

भारतातून येताना स्वतःपुरती, फार तर तीन महिन्यांची औषधं आणता येतात. सोबत डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी ठेवावी आणि त्यावर ब्रँडच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं, म्हणजे इथला डॉक्टर तेच पुढे चालू ठेवू शकेल. आईने कुरिअरने गोळ्या पाठवू नयेत. युरोपीय संघाबाहेरून टपालाने औषधं मागवायला खासगी व्यक्तींना बंदी आहे आणि पार्सल कस्टममध्ये अडकतं.

आजारपणाची रजा

इथे ताप असताना ऑफिसला जाणं हा कामसूपणा समजला जात नाही. आजारपण तीन दिवसांपेक्षा लांबलं की डॉक्टरचा दाखला लागतो. काही कंपन्या पहिल्याच दिवशी मागतात, म्हणून करार वाचावा. पब्लिकवाल्यांचा दाखला आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जातो आणि त्यातून आजार काय हे मालकाला कळत नाही. नोकरीला चार आठवडे झाले असतील तर सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो. पुढे कासे ठोक पगाराच्या 70 टक्के देते, हातात येणाऱ्या पगाराच्या 90 टक्क्यांहून जास्त नाही. एकाच आजारासाठी तीन वर्षांत 78 आठवड्यांपर्यंत हे चालतं. प्रायव्हेटमध्ये हा आधार आपोआप नसतो, तो जादा हप्ता भरून घ्यावा लागतो.

बाळंतपण, मुलं, दात

गरोदरपणाची खात्री होताच हेबामे म्हणजे सुईण शोधायला लागा. बाळंतपणानंतर ती घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहते, अंगावर पाजण्याच्या अडचणी सोडवते, बाळाचं वजन करते. आई किंवा सासू व्हिसाअभावी येऊ शकली नाही तर तिची किंमत कळते. तिचे पैसे कासे देते, पण सुइणी कमी आहेत आणि मोठ्या शहरांत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात शोधायला लागलेल्यांना उशीर झालेला असतो. मुलाच्या तपासण्या जन्मापासून साधारण सव्वापाच वर्षांपर्यंत ठरलेल्या असतात आणि एका पिवळ्या वहीत नोंदवल्या जातात. ती वही जपावी. पाळणाघरात प्रवेशासाठी गोवरची लस 2020 पासून सक्तीची आहे, तेव्हा भारतातलं लसीकरणाचं कार्ड सामानात हवं.

दातांच्या कॅप आणि ब्रिजसाठी पब्लिक पूर्ण पैसे देत नाही. साध्या उपचाराच्या ठरलेल्या खर्चाच्या 60 टक्के मिळतात. पाच वर्षं दरवर्षी तपासणी करून दातांच्या वेगळ्या वहीत शिक्का घेतला तर 70, दहा वर्षं घेतला तर 75. अनेक जण दातांची मोठी कामं भारतभेटीत करून घेतात, तो व्यवहार्य मार्ग आहे.

आईबाबा येणार असतील तर

पब्लिक विम्यात जोडीदार येतो, मुलं येतात, आईवडील येत नाहीत. ते अवलंबून असले तरी नाहीत. मराठी घरांत सगळ्यात जास्त घोर याच गोष्टीचा असतो.

90 दिवसांच्या शेंगेन व्हिसासाठी कमीत कमी 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. व्हिसा मिळावा म्हणून सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतली जाते आणि आधीपासूनचे आजार वगळल्याचं कलम कुणी वाचत नाही. अडुसष्ट वर्षांच्या, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या वडिलांना इथे छातीत दुखू लागलं तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न रक्तदाब किती वर्षांपासून आहे हाच असतो. हृदयविकार जुन्या आजाराचाच भाग ठरला तर दावा नाकारला जातो. आणि आईवडिलांच्या व्हिसासाठी आपण परदेशी नागरिक कार्यालयात जे हमीपत्र सही करून दिलेलं असतं, त्यात आजारपणाचा खर्चही येतो. बिल आपल्या नावावर.

म्हणून जुन्या आजाराचा अचानक जिवावर बेतणारा झटका धरला आहे का, किती रकमेपर्यंत, हे पॉलिसीच्या शब्दांत वाचल्याशिवाय विकत घेऊ नये. अशा पॉलिसी महाग असतात, तरी घ्याव्यात. निघण्याआधी भारतात ईसीजी, साखर आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावं, प्रवासाच्या तारखा डॉक्टरांना सांगाव्यात आणि इथला मुक्काम लांबवण्याचा मोह टाळावा.

1 मार्च 2024 पासून पहिला कुशल कामगार परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना कायमचं आणण्याचा मार्ग कायद्याने खुला झाला आहे. त्यातली मोठी अडचण विम्याची आहे. पुरेसा आरोग्य विमा दाखवावा लागतो, पब्लिकमध्ये त्यांना जागा नाही आणि सत्तरीतल्या माणसाला प्रायव्हेट कंपनी एकतर घेत नाही किंवा न परवडणारा हप्ता सांगते. व्हिसाच्या वकिलाकडे जाण्याआधी विम्याचं लेखी कोटेशन हातात असावं.

भारतात गेल्यावर

दिवाळीला नाशिकला गेलात आणि डेंग्यू झाला तर जर्मन पब्लिक कासे पैसे देत नाही. भारत आणि जर्मनी यांच्यातला 2017 पासून लागू असलेला सामाजिक सुरक्षा करार पेन्शनपुरता आहे. म्हणून भारतभेटीसाठी परदेश प्रवासाचा वेगळा विमा घ्यावा, वर्षाला थोड्या युरोंत पूर्ण कुटुंबाचा होतो. एका प्रवासासाठी किती दिवस चालतो ते पाहावं, कारण बऱ्याच पॉलिसींत ही मर्यादा सहा ते आठ आठवड्यांची असते.

कायमचं परतण्याची शक्यता असेल तर भारतातलं मेडिक्लेम मोडू नका. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि चाळिशीनंतर रक्तदाब-साखरेची नोंद लागलेली असतेच. निघताना पत्त्याची नोंदणी रद्द केल्याचा दाखला कासेला पाठवला की वर्गणी थांबते. डॉक्टरांकडून आपल्या कागदपत्रांची प्रत मागून घ्यावी, ती मिळण्याचा पेशंटला हक्क आहे. प्रायव्हेटवाल्यांना पुन्हा जर्मनीत येण्याची शक्यता वाटत असेल, तर थोडी रक्कम भरून जुनी पॉलिसी झोपवून ठेवण्याची सोय अनेक कंपन्या देतात. परत आल्यावर प्रकृतीची तपासणी नव्याने होऊ नये असं वाटत असेल, तर ही विचारणा करार रद्द करण्याआधी करायची.